कल्पिटिया की रामेश्वर? मोठी रजा काढून काइटसर्फिंग शिकणाऱ्यांसाठी

मोठी रजा मंजूर झालीय, काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीवर, बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं) शिकायचं पक्कं आहे आणि घोडं फक्त जागेवर अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. बार (काइट वळवायची दांडी) कसा धरायचा, कोणत्या वाऱ्याला किती मीटरची काइट लागते, आयकेओच्या, म्हणजे काइटसर्फिंगचं शिक्षण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पायऱ्या कोणत्या, हे तुम्ही एव्हाना यूट्यूबवर बघून बघून पाठ केलं असणार, तेव्हा त्यात शिरत नाही. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याची यादी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: श्रीलंकेतलं कल्पिटिया आणि तमिळनाडूतलं रामेश्वर. मी दोन्हीकडे मुक्काम ठोकून शिकलोय, आधी कल्पिटिया आणि नंतर रामेश्वर. पुढचं सगळं एका माणसाच्या अनुभवावरचं आहे. वारामापक घेऊन कोणी बसलं नव्हतं.

गोवा आधीच बाजूला काढतो, कारण तो प्रश्न येणारच. मोरजीला, चापोरा नदीच्या मुखाजवळ, फेब्रुवारीपासून उन्हाळाभर दुपारी काइट उडताना दिसतात आणि शिकवणारेही आहेत. पण तिथला वारा म्हणजे आपण भूगोलात शिकलो ते खारे वारे. जमीन तापली की सुटतात, सूर्य कलला की गळतात, आणि बहुतेक दिवस त्यांचा जोर दहा-पंधरा नॉटांपुढे (एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटरांहून थोडा जास्त) जात नाही. अधूनमधून जाऊन हात साफ करायला उत्तम. पण पगार बंद करून शिकायला बसायचं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि रोजच्या रोज वारा हवा, आणि तो मोसमी वाराच देऊ शकतो. आपल्या कोकणात मोसमी वारा येतो तेव्हा सोबत असा समुद्र घेऊन येतो की कोळीसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात.

वारा दोघांचा एकच

नकाशा उघडून बघा. कल्पिटिया श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुत्तलम जिल्ह्यात. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला पुत्तलमचं लगून, म्हणजे समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं उथळ तळं, आणि मध्ये जमिनीची लांबलचक चिंचोळी पट्टी. रामेश्वरचं बेट तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मन्नारच्या आखाताच्या पलीकडे. म्हणजे दोन देश झाले तरी वारा एकच. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येचा. भारत आणि श्रीलंकेमधल्या फटीतून घुसताना तो आणखी जोर धरतो. कल्पिटियाच्या रस्त्यावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती उगाच नाही.

नैऋत्य मोसमी वारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छत्री येते. पण रामनाथपुरम जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि श्रीलंकेचा वायव्य भाग कोरड्या पट्ट्यात, त्यामुळे जून-जुलैत दोन्हीकडे वारा भरपूर आणि पाऊस नावापुरता. मुंबई तुंबलेली असताना तुम्ही तिथे उन्हात भाजत असता. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र दोन्हीकडे टाळा. तेव्हा वारा बेभरवशाचा, तमिळनाडूचा खरा पाऊस तेव्हाच, आणि चक्रीवादळांचा काळही तोच, तो कधी कधी डिसेंबरातही ताणतो. रामेश्वर बेटाच्या टोकावरचं धनुष्कोडी 1964 च्या डिसेंबरात वादळानेच पुसून टाकलं. एप्रिल हा कूस बदलण्याचा महिना, त्यात पैसे गुंतवू नका.

फरक आहे तो जोरात. नैऋत्येच्या मोसमात कल्पिटियाचा वारा मला जास्त आडदांड वाटला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पंचवीस नॉट लागणं तिथे नवलाचं नाही. जमलेला माणूस त्यावर खूश असतो. शिकणाऱ्याला छोटी काइट देतात, आणि छोटी काइट फार चपळ, तुम्ही विचार करेपर्यंत ती डावीकडून उजवीकडे जाऊन तुम्हाला तोंडावर पाडून मोकळी झालेली असते. रामेश्वरचा वारा मला थोडा कमी पण सलग वाटला. अर्थात माझे महिने वेगळे होते, नशीबही वेगळं असू शकतं, त्यामुळे एवढ्या एका मुद्द्यावर निकाल लावू नका.

पोचणं, पैसे, पोट

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे. विमानतळावरून निगोंबो, चिलाव करत, पालावीला डावीकडे वळून तीनेक तासांत कल्पिटिया. टॅक्सी कॅम्पवालेच, म्हणजे शिकवण्याची आणि राहण्याची सोय करणारेच, पाठवतात. रामेश्वरसाठी विमान मदुराईपर्यंत, पुढे पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. तोही तीन-साडेतीन तास. थोडक्यात, परदेश जवळ आणि देश लांब, असा प्रकार. रेल्वेची आवड असेल तर पांबनचा नवा पूल एप्रिल 2025 मध्ये सुरू झाल्यापासून गाडी पुन्हा थेट बेटावर जाते. 1914 च्या जुन्या पुलावरची वाहतूक बंद झाल्यावर मधली दोनेक वर्षं गाड्या अलीकडेच थांबत होत्या.

श्रीलंकेचा पर्यटक परवाना साधारण 30 दिवसांचा मिळतो, पुढे मुदतवाढ घ्यावी लागते. दोन आठवड्यांच्या सहलीला हे आठवतही नाही, पण तीन महिन्यांच्या रजेत आठवतं. नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजे बघा. आणि प्रवासविमा घेताना त्यात पाण्यावरचे साहसी खेळ धरलेत का ते वाचा. स्वस्त पॉलिसीत बहुतेक वेळा ते वगळलेले असतात.

कल्पिटियातले दर युरोत किंवा डॉलरमध्ये सांगतात, कारण गिऱ्हाईक युरोपातलं. रामेश्वरला रुपयांत. सगळा हिशोब मांडला तर मला रामेश्वर स्वस्त पडलं, पण घरून निघताना वाटलं होतं तेवढं नाही. शिकवण्याचा तासाचा दर कुठेही अंगावरच येतो. खरी बचत राहण्या-खाण्यात आणि नंतर काइट भाड्याने घेण्यात झाली.

खाण्यापिण्यात कल्पिटिया सरळ पुढे. भात, चार-पाच प्रकारच्या भाज्या-आमट्या, पोल सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी, ताजी मासळी. कोकणी माणसाला पहिल्याच जेवणात घरचं वाटेल. संध्याकाळी कॅम्पवर गप्पा, गाणी, बिअर. पौर्णिमेला मात्र, पोया म्हणतात तो दिवस, देशभर सुट्टी आणि दारूविक्री बंद. रामेश्वर हे तीर्थक्षेत्र. इडली, पोंगल, केळीच्या पानावरचं जेवण, सगळं चोख आणि शाकाहारी माणसाला स्वर्ग. पण रात्री नऊनंतर करायचं काय, हा प्रश्न रोज पडतो. पुस्तकं न्या.

घरी सांगताना मात्र रामेश्वरचा फायदा आहे. ‘श्रीलंकेला पतंगाला लटकून समुद्रात जायला शिकतोय’ असं सांगितल्यावर आईचा चेहरा जो होतो, तो ‘रामेश्वरला चाललोय’ म्हटल्यावर होत नाही. उलट आत्याने सेतूची वाळू आणायला सांगितली, ती पुढे काशीयात्रेत प्रयागला गंगेत सोडायची म्हणून, आणि बावीस कुंडांचं स्नान केल्याशिवाय परत येऊ नकोस अशी तंबीही दिली. ऑफिसातही ‘रामेश्वर’ ऐकून कोणी फार प्रश्न विचारले नाहीत. धोका एकच: निम्मं घर सोबत यायला निघतं.

शिकवणं

याबाबत दोन्हीकडे मला तक्रारीला जागा मिळाली नाही. शिक्षक आयकेओचे, हेल्मेटमध्ये रेडिओ, सुरक्षिततेचे धडे आधी, काइट नंतर. क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ एका झटक्यात तोडणारी कळ, डोळे मिटून ओढता येईपर्यंत पाण्यात जाऊ दिलं नाही. कल्पिटियात शिक्षक जास्त, वेगवेगळ्या देशांतले आणि अनेकदा एका मोसमापुरते आलेले. एखाद्याशी सूर जुळला नाही तर दुसरा मागता येतो. रामेश्वरला माणसं मोजकी, पण तीच ती रोज भेटतात. कालची तुमची चूक त्यांना आज आठवत असते. मला हे मानवलं. तरुण मंडळींना कदाचित कल्पिटियाची वर्दळ आवडेल.

दोन शिकाऊ मिळून एक काइट, हा प्रकार दोन्हीकडे चालतो आणि स्वस्त पडतो. सुरुवातीला चांगलाही असतो, दुसऱ्याचं पडणं बघून बरंच कळतं. पण बोर्ड पायात आल्यावर एकट्याचा तास घ्या. तेव्हा वाट बघण्यात वारा निघून जातो.

माझं घोडं जिथे अडलं

आता मुद्द्यावर येतो. कल्पिटियाबद्दल वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि तरीही मी शिकलो कुठे असं कोणी विचारलं तर तोंडातून रामेश्वर निघतं. याचं कारण एकच आहे: गर्दी.

कल्पिटियात शिकणाऱ्यांचं पाणी म्हणजे कप्पलाडीचं लगून. समुद्रापासून वाळूच्या पट्टीने तोडलेलं, सपाट, बऱ्याच भागात कमरेएवढं. फोटोत बघाल तर डोळे निवतात. पण आसपासच्या सगळ्या कॅम्पचे शिकाऊ त्याच पाण्यात उतरतात, आणि नैऋत्येचा मोसम भरात असताना दुपारी तिथे आकाशात एवढ्या काइट असतात की आपली कुठली हे क्षणभर शोधावं लागतं. वेल्ला बेट, ड्रीम स्पॉट अशा मोकळ्या जागाही आहेत आणि तिथे बोटीने नेतात, पण त्या जागा ज्याला अपविंड, म्हणजे वारा येतो त्या दिशेला वर, जाता येतं त्याच्यासाठी. शिकाऊ लगूनमध्येच अडकलेला.

गर्दी म्हणजे नुसती गैरसोय असं वाटेल. पण शिकणाऱ्याच्या बाबतीत ती थेट शिकण्याच्या आड येते, कशी ते सांगतो. बोर्डवर उभं राहायला लागल्यावर पहिले अनेक दिवस माणूस एकच गोष्ट करत असतो: काइट खाली झुकवायची, ओढ आली की उठायचं, तीस-चाळीस मीटर जायचं, बोर्डची कड नीट न दाबल्यामुळे वाऱ्याखाली (वारा वाहतो तिकडे) घसरत जायचं, पडायचं. पुन्हा तेच. म्हणजे तो सरळ जातच नाही, तिरका वाहत जातो, आणि कुठे जाऊन पोचेल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. वर काइटच्या लाइन्स, म्हणजे दोऱ्या, वीसेक मीटरच्या. म्हणून शिकाऊ माणसाला वाऱ्याखाली चाळीस-पन्नास मीटर तरी रिकामं पाणी हवं, तेही सतत. शिवाय त्याची नजर पाण्यावर नसते, काइटवर असते. समोर बघ, समोर बघ, असं शिक्षक रेडिओवर ओरडत असतो आणि आपण वर बघत असतो.

वाटेचे नियम आहेत, सगळ्यांना शिकवतात. उजवा हात पुढे असलेल्याला वाट द्यायची. किनाऱ्यावरून पाण्यात उतरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दोघे जवळून जात असतील तर अपविंडवाल्याने काइट वर घ्यायची, वाऱ्याखालच्याने खाली. हे कागदावर सुंदर आहे. पण नियम पाळायला आधी काइट आपल्या म्हणण्याप्रमाणे वागावी लागते, आणि लगूनमध्ये निम्म्या लोकांची वागत नसते. संध्याकाळी दादरच्या पुलावर सायकल शिकावी तसं ते.

एका दुपारचं सांगतो. वारा छान लागला होता, दोन-तीनदा उठून बऱ्यापैकी लांब गेलो होतो, अंगात आलं होतं. पुन्हा उठलो आणि समोरून एक गोरा मुलगा माझ्याच रेषेत आला. तोही माझ्यासारखाच, मान वर, तोंड उघडं. दोघांचे शिक्षक आपापल्या रेडिओवर आपापल्या भाषेत ओरडले. मी काइट वर घेतली, त्यानेही घाबरून वरच घेतली. माझ्या लाइन्स त्याच्या लाइन्सभोवती दोनदा फिरल्या आणि दोन्ही काइट एकमेकींना कवटाळून पाण्यावर फडफडायला लागल्या. क्विक रिलीज ओढलं, त्यानेही ओढलं, कोणाला काही झालं नाही. लाइन्सला ताण असताना हात लावायचा नाही एवढं दोघांनाही आठवलं हे नशीब. मग शिक्षकाने दोन्ही गुंते ओढत किनाऱ्यावर आणले, वाळूत लाइन्स लांब पसरल्या, आणि उकिडवं बसून एकेक दोर सोडवत राहिला. चार माझे, चार त्याचे, सगळे ओले आणि वाळूने भरलेले. ते सुटेपर्यंत माझा तास संपला. पैसे अर्थातच तासाचे.

असं रोज होत नाही. पण असं होऊ नये म्हणून जे करावं लागतं ते रोज होतं. उठायची तयारी करायची, कोणीतरी येतंय म्हणून थांबायचं. ते गेलं, काइट सावरली, दुसरं कोणीतरी. वाहत वाहत वाऱ्याखालच्या टोकाला पोचलात की बोर्ड काखेत, काइट डोक्यावर, आणि किनाऱ्याने काइट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांमधून वाट काढत परत वर चालत यायचं. एका तासात प्रत्यक्ष बोर्डवर उभं राहण्याचे प्रयत्न किती मिळाले, हा मला खरा हिशोब वाटतो. तो मी लिहून ठेवला नाही, पण रामेश्वरला आल्यावर पहिल्याच दिवशी दंडात आणि मांड्यांत जे गोळे आले, त्यावरून फरक कळला. तिथे थांबायला कारणच नव्हतं.

रामेश्वरला पाणी रिकामं असतं, यापेक्षा वेगळं काही सांगण्यासारखं नाही. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. वारा कुठून आहे ते बघून कॅम्पवाले या किंवा त्या किनाऱ्याला नेतात. उथळ पाणी दूरवर गेलेलं. माझ्या बहुतेक दिवशी पाण्यात आमच्याच कॅम्पची चार-पाच माणसं, तीही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पडलो तर पडलो, वाहत गेलो तर गेलो, उभं राहून चालत परत. अपविंड जायला मी तिथे शिकलो, आणि ते शिकवून येत नाही, पुन्हा पुन्हा करून अंगात येतं. एकदा लक्षात आलं की मी निघालो तिथेच परत पोचलोय, चालावं लागलेलं नाही. बोर्डची कड कितपत दाबायची, मागच्या टाचेवर भार किती टाकायचा, हे त्या दुपारी पायाला कळलं. कल्पिटियातही हेच शब्द रेडिओवर ऐकले होते.

रामेश्वरचं रडगाणं

रामेश्वरला सगळं गोड आहे असं समजू नका. पहिली गोष्ट, जीप. कल्पिटियात अनेक कॅम्प लगूनला लागून आहेत. वारा सुटला की खोलीतून उठायचं आणि पाच मिनिटांत पाण्यात. रामेश्वरला आमच्या कॅम्पपासून पाणी लांब होतं आणि तिथे गाडीनेच जावं लागायचं. सगळे जमले, सामान चढलं, कोणाचा तरी हार्नेस (काइट अडकवायचा कमरेचा पट्टा) विसरला, मग निघाले. दुपारी दमून परत यावंसं वाटलं तरी गाडी निघेपर्यंत झावळ्यांच्या मांडवाखाली बसून राहायचं. उन्हाळ्यात हे जड जातं. तिथलं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं, वर खारं पाणी.

दुसरं, पाणी रिकामं असलं तरी ओसाड नाही. जाळ्यांचे खांब, नांगरलेल्या होड्या, समुद्रशैवालाच्या शेतीचे बांबूचे तराफे, हे सगळं मध्ये येतं. कुठे जायचं नाही हे शिक्षक आधीच दाखवतात आणि ते निमूट ऐकायचं, कारण ते कोणाच्या तरी पोटापाण्याचं आहे. सकाळी शैवाल गोळा करायला निघालेल्या बायका दिसायच्या, साडीवर पुरुषी शर्ट, बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आमचे महागडे वेटसूट आणि हातमोजे बघून हसायच्या. तळाला शिंपल्यांच्या धारदार कडा असतात, पायात बूट हवेतच. मन्नारचं आखात संरक्षित आहे, पाल्कच्या उपसागरात 2022 पासून समुद्री गाईंसाठी राखीव क्षेत्र आहे. समुद्री गवताच्या पट्ट्यात काइट आपटत फिरणं शोभत नाही, तेवढं भान ठेवा.

तिसरं, तुम्ही दोघे निघाला असाल आणि एकालाच काइटसर्फिंगचं वेड असेल, तर दुसऱ्याचे हाल होतात. देवळाच्या लांबच लांब ओवऱ्या एक दिवस, धनुष्कोडी एक दिवस, कलामांचं स्मारक अर्धा दिवस. कुंदुकालला विवेकानंद 1897 च्या जानेवारीत पश्चिमेकडून परतताना उतरले, तिथलं स्मारक आणखी अर्धा. मग? कल्पिटियाजवळ विल्पट्टूचं राष्ट्रीय उद्यान आहे, गावात सतराव्या शतकातला डच किल्ला आहे, हिवाळ्यात बोटीने डॉल्फिन बघायला नेतात. कुटुंब घेऊन जाणाऱ्याला मी कल्पिटियाच सुचवेन, आणि वर तीन पानं लिहूनही ते मनापासून सुचवेन.

आणि एक कबूल करायला हवं: माझी तक्रार कल्पिटियाच्या भर मोसमाची आहे. ईशान्येच्या मोसमात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिथे गर्दी बरीच कमी असते असं तिथलेच लोक सांगतात, आणि वाराही सौम्य. तेव्हा गेलात तर कदाचित माझं म्हणणं तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. सकाळी लवकर उतरलात तरी बराच फरक पडतो. वारा तेव्हा थोडा कमी असतो, पण लगून तुमचं असतं.

कोणी काय करावं

रजा दोन-तीन आठवड्यांची असेल, आधी कधी वाऱ्यावरचा कुठला खेळ केला नसेल, आणि थोडी मौजही हवी असेल, तर कल्पिटिया. पहिला टप्पा, म्हणजे काइट उडवणं, बॉडी ड्रॅग (काइटच्या ओढीने अंग पाण्यातून ओढून घेणं), बोर्डशिवाय पाण्यात सावरणं, हे गर्दीतही होतं, कारण तेव्हा शिक्षक कंबर धरून सोबत असतो. लगून उथळ आहे, मदतीची बोट जवळ असते, आणि दिवसाअखेर जे हसणं-खिदळणं असतं त्याची किंमत कमी लेखू नये. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात धीर देणारी माणसं आजूबाजूला लागतात.

पण दोन-तीन महिन्यांची रजा असेल आणि परतताना आपल्या आपण काइट चढवून, निघून, परत त्याच जागी येता यावं अशी इच्छा असेल, तर मी रामेश्वरकडे झुकेन. कोर्स संपल्यावरचे तास तिथे जास्त कामी येतात. कोर्स कुठेही सारखाच संपतो. त्याच्या पुढचे कंटाळवाणे दिवस, ज्यात शिक्षक नसतो, नुसती भाड्याची काइट आणि तुम्ही, ते मोकळ्या पाण्यात झाले तर फळतात. तिथे काइट चढवायला आणि उतरवायला आमचे कॅम्पवाले वेगळे पैसे लावत नव्हते, कल्पिटियात काही ठिकाणी लावत होते. बुक करताना दोन्हीकडे विचारून घ्या.

दोन्ही जमवायचं असेल तर माझ्याच क्रमाने करा: आधी कल्पिटियात कोर्स, मग उरलेले आठवडे रामेश्वर. उलट क्रमाने केलेली एक जोडी रामेश्वरला भेटली होती. मोकळ्या पाण्यावर हात बसवून ते पुढे कल्पिटियाला जाणार होते आणि लगूनऐवजी थेट बेटांवर. तोही विचार चांगला वाटला, फक्त त्यासाठी अपविंड येऊन जावं लागतं.

रजेचा अर्ज अजून टाकला नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी मागा. ऊन सुसह्य, दोन्हीकडे वारा, आणि नंतर मार्चअखेरीच्या गडबडीला ऑफिसात हजर. ते जमलं नाही आणि जून-जुलै मिळाले, तर मी डोळे झाकून रामेश्वर म्हणेन. कॅम्पवाल्याशी बोलताना दराआधी दोन गोष्टी विचारा: खोलीपासून पाणी किती लांब आहे, आणि गाड्या किती आहेत. एकच गाडी असेल तर दुसरा कॅम्प बघा.